सायलेन्सर बदलताना जुना पार्ट गॅरेजमध्ये सोडू नका

आमची पिकअप मार्च २०२१ ची, बीएस-६ (धुराचे नवे, कडक नियम लागू असलेली), डिझेल. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. हंगामात माल काढायचा, मग बेदाण्याचे बॉक्स शेडवरून कोल्ड स्टोअरेजला टाकायचे, मधल्या दिवसांत खतं, औषधं, ड्रिपचे पाइप. घर या गाडीवर चालतं, म्हणून गाडीला कधी काही कमी पडू दिलं नाही. तरीही फसलो. ज्यांच्याकडे बीएस-६ गाडी आहे त्यांनी हे वाचावं आणि आपल्या ड्रायव्हरलाही सांगावं.

एप्रिल २०२४. बेदाण्याची गडबड सुरू होती. एक दिवस मीटरवर पिवळा दिवा लागला, सायलेन्सरच्या चित्राचा. गाडी चालत होती, पण चढाला पूर्वीसारखी ओढत नव्हती. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर चार दिवसांनंतरची वेळ मिळाली, आणि शेडवर माल पडून होता. सांगलीत कुपवाड रोडच्या बाजूला एक जण सायलेन्सरचंच काम करतो असं कुणीतरी सांगितलं. गेलो.

त्याने गाडीखाली वाकून बघितलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "मालक, डीपीएफ चोक झालाय. कंपनीत गेला तर लाखभर लावतील. आपण बाहेरचा बसवू, एसएस ३०४ चा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, आयुष्यभर गंजणार नाही. वर गाडीच्या कॉम्प्युटरचं मॅपिंग मारून देतो, दिवा परत लागायचा नाही. पिकअप वाढेल, ॲव्हरेज दोनने वाढेल." सत्तावीस हजार सांगितले. मी घासाघीस केली तेव्हा तो म्हणाला, "जुना इथंच ठेवून जावा, त्याचे तीन हजार वजा करतो. तुमच्या घरी तो नुसता गंजत पडणार." चोवीस हजारांत काम ठरलं. मला वाटलं, भंगाराचे तीन हजार सुटले. खरं तर तिथेच माझं सगळं गेलं होतं.

त्या जुन्या डब्यात काय असतं हे मला नंतर कळलं, ते आधी सांगतो. इंजिनाचा धूर पहिल्यांदा एका डब्यातून जातो. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम-पॅलेडियमचा अगदी पातळ थर. हे धातू अतिशय महाग आहेत, आणि त्यांच्यासाठीच देशभर गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात. त्याच्यामागे डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. त्याची भोकं एकाआड एक बंद केलेली असतात, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपून जावं लागतं आणि काजळी मागे राहते. काजळी साठली की गाडी स्वतःच जादा डिझेल वापरून आतलं तापमान साधारण ६०० अंशांवर नेते आणि ती जाळून टाकते. पण त्यासाठी गाडी गरम हवी आणि काही वेळ सलग चालायला हवी. आमच्या शेडपासून स्टोअरेज नऊ किलोमीटर. गाडी तापते ना तापते तोच बंद. महिनाभर दिवसातून सहा-सात खेपा अशाच. जाळायचं काम दरवेळी अर्धवट राहिलं आणि दिवा लागला. फिल्टर खराब झालाच नव्हता. दिवा नुसता पिवळा होता तेव्हाच हायवेला गाडी काढून वीसेक मिनिटं एका वेगाने चालवली असती, तर बहुधा तो आपोआप गेला असता. नसता गेला तरी सर्व्हिस सेंटरला मशीन लावून ती काजळी जाळून देतात. हे त्या माणसाला नक्कीच माहीत होतं. रोज तेच काम करणाऱ्याला माहीत नसेल असं मी मानत नाही.

गाडी संध्याकाळी मिळाली. आवाज थोडा मोठा, पण रेसला हलकी वाटली, दिवा गेला. मी खूश. पावती मागितली तर वहीच्या पानावर "सायलेन्सर काम २४,०००" एवढंच लिहून दिलं. गाडीचा नंबर नाही, पार्टचा नंबर नाही, जीएसटी नाही, दुकानाचा शिक्कासुद्धा नाही.

पहिली खूण दहा दिवसांत मिळाली. स्टोअरेजला बॉक्स उतरवताना तिथला हमाल म्हणाला, "दादा, ह्यावर काय सांडलंय?" खालच्या थराच्या बॉक्सवर बारीक काळी पूड होती, बोटाला लागणारी. वाटलं रस्त्याची धूळ असेल. घरी येऊन गाडीखाली टॉर्च मारला. जुना पाइप मागे टोकापर्यंत जात होता. याने तो मागच्या ॲक्सलच्या अलीकडेच कापून सोडला होता. धूर सरळ हौद्याच्या फळ्यांखाली मारत होता आणि फटीतून काजळी वर येत होती. बेदाणा हा खायचा माल. त्या दिवशी मी सगळे बॉक्स एकेक करून पुसले, आणि व्यापाऱ्याला खरं सांगितलं. त्याने माल घेतला, पण पुढच्या खेपेला दुसरी गाडी लाव म्हणाला.

परत गॅरेजला गेलो. त्याने दोन फुटांचा तुकडा जोडून दिला, त्याचे पंधराशे वेगळे घेतले.

मग पावसाळा आला. ऑगस्टमध्ये त्या "आयुष्यभर न गंजणाऱ्या" डब्यावर वेल्डिंगच्या कडेने तांबडे फोड आले. पोराच्या शाळेच्या प्रयोगाचं एक लोहचुंबक घरात होतं, ते लावून बघितलं. टक्कन चिकटलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर उलटी फसगत व्हायची. चुंबक चिकटलं म्हणजे माल वाईटच असं नाही. गाडी कंपन्या स्वतः सायलेन्सरला ४०९ जातीचं स्टेनलेस वापरतात, त्याला चुंबक चिकटतं आणि ते चांगलं टिकतं. पण ३०४ ला चुंबक असं घट्ट धरत नाही. म्हणजे मला ३०४ म्हणून विकलेलं ३०४ नव्हतं. पान्याने खरवडलं तर वरचा चकचकीत थर पापुद्र्यासारखा सुटला, खाली साधा पत्रा. दिवाळीपर्यंत मागच्या तोंडातून ग्लासवूलचे (आवाज दाबायला आत भरतात ते) पिवळट धागे बाहेर यायला लागले. आवाज इतका वाढला की पहाटे गाडी चालू केली की शेजारच्या काकू उठायच्या. त्या कधी बोलल्या नाहीत, पण मला लाज वाटायची.

ॲव्हरेजचं म्हणाल तर भरल्या गाडीला आधी बारा पडायचा, नंतरही बाराच पडला. मी डायरीत डिझेल लिहितो, म्हणून खात्रीने सांगतो.

खरा दणका मार्च २०२५ ला बसला. मालवाहू गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी असतं. आमचं दुसरं पासिंग आलं होतं, पीयूसीही संपत होती. पीयूसीवाल्याने नळी लावून रेस दिली आणि मान हलवली. बीएस-६ गाडीतून काळा धूर यायलाच नको. तो भला माणूस होता. म्हणाला, "पाव्हणं, मी पैसे घेत नाही. आधी खाली काय बसवलंय ते बघून या."

सर्व्हिस सेंटरला गाडी लिफ्टवर घेतली. मी खालीच उभा होतो. तिथल्या पोराने पान्याच्या दांड्याने आधी पुढच्या डब्यावर टकटक केलं, मग मागच्या. दोन्ही रिकाम्या पिंपासारखे वाजले. त्याने सेन्सर काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आत घातला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. आत जाळी नाही, फिल्टर नाही, नुसता पाइप. "काका, ह्यात काहीच नाही." मॅपिंगच्या नावाखाली गाडीच्या कॉम्प्युटरमधून डीपीएफची सगळी तपासणीच बंद केली होती. म्हणून दिवा लागत नव्हता. तपासणीच बंद असल्यावर खरोखर बिघाड झाला असता तरीही तो लागला नसता, आणि मी वर्षभर त्याच गाडीत घरच्यांना बसवून फिरलो.

नवा संच आणि सॉफ्टवेअर पूर्ववत करायचा खर्च मिळून पंच्याऐंशी हजार झाले. पासिंग तीन आठवडे लांबलं, त्या दिवसांत भाड्याची गाडी लावली. शिवाय दोष कायद्याने माझ्याच माथी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा मनाजोगा बदल करता येत नाही, आणि कलम १९०(२) खाली आवाज आणि धुराचे नियम मोडणाऱ्या गाडीला १० हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यात पकडलं असतं तर "गॅरेजवाल्याने केलं" हे कुणी ऐकलं नसतं.

त्याच्याकडे जाब विचारायला गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं काढायला. जुना तर तुम्ही विकला मला." तीन हजार वजा केले होते ते याचसाठी. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न पावतीचा. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला, त्यांनी तक्रार नीट नोंदवून घेतली आणि पुरावा काय आहे तेच विचारलं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी कागद जमवतोय. माझ्याकडे ते वहीचं पान, यूपीआयने चोवीस हजार दिल्याची नोंद, सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल आणि कॅमेऱ्यातले फोटो आहेत. यूपीआयने पैसे दिले हे एकच मी बरोबर केलं होतं.

नवा संच बसवायच्या आधी त्यावर ठोकलेला नंबर मी मोबाइलमध्ये टिपून घेतला, बिलावर तोच नंबर लिहून घेतला. ऑइलही आता बीएस-६ च्या डीपीएफला चालणारंच भरतो. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती कशानेच जळत नाही. बेदाण्याच्या दिवसांत रविवारी सकाळी गाडी मिरजेपुढे हायवेला काढून एक फेरी मारून आणतो.

मागच्या महिन्यात मार्केट यार्डातून परत येताना त्याच गॅरेजसमोर जत भागातली एक पिकअप उभी दिसली. खाली माणूस झोपलेला, हातात ग्राइंडर. ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा, बाजूला चहा पीत होता. मी गाडी लावली, त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "दिवा लागलाय ना? जुन्याचे किती वजा करतोय?"

"चार हजार," तो म्हणाला.

मी त्याला माझ्या मोबाइलमधला तो आतल्या रिकाम्या पाइपचा फोटो दाखवला. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि गाडीखालच्या माणसाला हाक मारली.