मैत्रीच्या डावात पांढऱ्याने काय खेळावं: इटालियन की लंडन?

मित्राशी बुद्धिबळाचा डाव मांडला, पांढरी मोहरी आपल्याकडे आली आणि पाठांतर फारसं नसेल, तर पहिल्या आठ-दहा खेळींसाठी बहुतेक जण इटालियन आणि लंडन या दोन सुरुवातींपैकी एक सुचवतात. दोन्ही भक्कम आहेत, ग्रँडमास्टरही दोन्ही खेळतात. त्यामुळे ‘कोणती चांगली’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. समोरच्याच्या उत्तरावर आपली किती अवलंबून राहायची तयारी आहे, त्यावर निवड ठरते.

इटालियन म्हणजे १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४. (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा आडवी. आधी पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची; मोहऱ्याचं नाव नसेल तर खेळी प्याद्याची. पुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी, × म्हणजे मारणं, ! म्हणजे चांगली खेळी.) सतराव्या शतकातला इटालियन खेळाडू ग्रेको याच्या डावांतही ही सापडते. सी४वरचा उंट एफ७वर रोखलेला असतो आणि त्या प्याद्याला सुरुवातीला राजाशिवाय कुणाचाच आधार नसतो. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला आडोशाला नेणं) चौथ्या खेळीलाच करता येतो.

लंडनमध्ये खेळींच्या क्रमापेक्षा मांडणी महत्त्वाची. प्यादी डी४, ई३ आणि सी३वर, उंट एफ४ आणि डी३वर, घोडे एफ३ आणि डी२वर. नाव १९२२च्या लंडन स्पर्धेवरून पडलं. २०२३च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत चीनच्या डिंग लिरेनने सहावा डाव याच मांडणीतून जिंकला. किल्लेकोट लवकरात लवकर सहाव्या खेळीला होतो. एकच क्रम मात्र पक्का ठेवावा लागतो: उंट एफ४ आधी, ई३ नंतर. उलट केलं की उंट प्याद्यामागे कोंडला जातो.

इटालियनची खरी अडचण दुसऱ्याच खेळीला येते. ती खेळायची तर काळ्याने ई५ खेळायला हवं, आणि ते आपल्या हातात नाही. तो सी५, ई६ किंवा सी६ खेळला की उंट सी४वर नेऊन उपयोग नाही, कारण पुढे ई६ किंवा सी६चा आधार घेऊन डी५ येतं आणि उंटाला पळावं लागतं. म्हणजे इटालियन निवडणाऱ्याला आणखी तीन छोटी उत्तरं तयार ठेवावी लागतात. सोपी अशी: ई६ किंवा सी६ आलं तर २. डी४ डी५ ३. ईचं प्यादं डी५वर मारायचं आणि पुढे उंट डी३वर. सी५ आलं तर २. सी३ खेळून डी४ची तयारी, आणि १...डी५ आलं तर प्यादं मारायचं, वजीर परत मारायला आला की घोडा सी३वर आणून त्याला हुसकायचं. एका संध्याकाळीत बसतं, पण बसवावं लागतं.

ई५ आलंच तर पुढचा फाटा काळ्याच्या तिसऱ्या खेळीवर ठरतो. ३...उंट सी५ला ४. सी३ घोडा एफ६ ५. डी३ हा शांत मार्ग आहे. मग किल्लेकोट, हत्ती ई१, आणि बी१चा घोडा डी२, एफ१ करत जी३वर. पाचव्या खेळीला डी४ची घाई करणारे पुष्कळ. पण ५...ई×डी४ ६. सी×डी४ उंट बी४ शह ७. उंट डी२ उंट×डी२ शह ८. बीचा घोडा×डी२ डी५! झालं की मध्यभागाचा रुबाब संपतो आणि डी४चं प्यादं एकटं पडतं.

दुसरी नेहमीची चूक घोडा जी५ची. ३...घोडा एफ६ आल्यावर ती खेळी योग्य आहे: ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५ आणि काळ्याने घोड्याने परत मारलं की ६. घोडा×एफ७ करून राजाला भर मैदानात ओढता येतं. जाणकार काळा मात्र ५...घोडा ए५ खेळतो. त्याला एक प्यादं कमी पडतं, पण मोहरी भराभर बाहेर येतात आणि बचाव आपल्याला करावा लागतो. तेवढी कटकट नको असेल तर ४. डी३. पण ३...उंट सी५नंतर हाच घोडा जी५वर गेला तर काळ्याचा वजीर तो सरळ उचलतो, कारण डी८ ते जी५ हा तिरपा रस्ता मोकळा असतो. चाल पाठ आणि कारण विसरलं, की हे होतं.

सापळाही एक ओळखून ठेवा: ३...घोडा डी४. ई५चं प्यादं फुकट दिसतं. ४. घोडा×ई५ वजीर जी५ ५. घोडा×एफ७ वजीर×जी२ ६. हत्ती एफ१ वजीर×ई४ शह ७. उंट ई२ घोडा एफ३, मात. उतारा अगदी साधा: चौथ्या खेळीला डी४वरचा घोडा मारून किल्लेकोट करा.

लंडनमध्ये असं धारदार काही क्वचितच घडतं, आणि आळसाला जागा तिथेच मिळते. मांडणी ठरलेली आहे म्हणून समोर न बघता खेळण्याची सवय लागते. तिला तीन ठिकाणी फटका बसतो.

पहिलं, बी२. सी१चा उंट निघून गेल्याने या प्याद्याचा राखणदार गेलेला असतो. काळा सी५ आणि वजीर बी६ खेळला की वजीर बी३ने उत्तर द्या. त्याने वजीर मारला तर ए-प्याद्याने परत मारा, ए१च्या हत्तीला रस्ता आयता मिळतो. तो सी४ने ढकलू लागला तर वजीर सी२.

दुसरं, एफ४चा उंट. घोडा एच५वर येऊन त्याला गाठतो. काळा जी६, उंट जी७, डी६ अशी मांडणी करताना दिसला की एच३ खेळून एच२चं घर राखून ठेवा. अशा वेळी दुसरा उंट डी३पेक्षा ई२वर बरा. डी३वरून तो जी६च्या भिंतीकडे बघत बसतो. काळ्याने उंट डी६वर आणला तर मात्र उंट जी३ पुरेसं आहे. तिथे त्याने मारलं की एच-प्याद्याने मारून हत्तीसमोरची उभी रांग उघडते.

तिसरं, १. डी४ ई५. प्यादं मारलं, २...घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७, आणि हात सवयीने उंट एफ४कडे जातो. मग ४...वजीर बी४ शह ५. उंट डी२ वजीर×बी२. इथे ६. उंट सी३ खेळलात तर ६...उंट बी४ ७. वजीर डी२ उंट×सी३ ८. वजीर×सी३ वजीर सी१, मात. सहाव्या खेळीला घोडा सी३ हवा. नंतर हत्ती बी१ने वजिराला हाकलता येतं.

महिन्यातून दोन-चार डाव, दर वेळी समोर वेगळा माणूस आणि हातात कमी वेळ, तर लंडन घ्या. अर्ध्या तासात शिकून होते. एकाच मित्राशी नेहमी खेळत असाल आणि तो ई४ला ई५ देणारा असेल, तर इटालियनच. अजून फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला) आणि पिन (मागचं मोहरं उघडं पडेल म्हणून पुढचं अडकून राहणं) नजरेआड होत असतील तरीही इटालियनच, मग सुरुवातीचे काही डाव हरलात तरी चालेल. मोहरी लवकर भिडतात, त्यामुळे प्रत्येक डावात हिशोब करावाच लागतो. लंडनमध्ये पंधराव्या खेळीपर्यंत दोन्हीकडची सगळी मोहरी पटावर तशीच उभी आणि पुढे काय करायचं हे ठाऊक नाही, अशी वेळ येते. तेव्हा घोडा ई५वर रोवा, एफ४चा उंट वाटेतून बाजूला घ्या, एफचं प्यादं त्या घोड्याच्या पाठीशी आणा आणि डी३च्या उंटाची नजर एच७वर ठेवा. एफ६चा घोडा तिथून हलला की वजीर एच५वर येतो.