'डॅमेज ऑफ' की 'डॅमेज टू'? बीबीआय कोश आठ महिने वापरल्यावर

नाशिकजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये मी कागदपत्रं आणि पत्रव्यवहार बघते. जानेवारी ते एप्रिल रोज पंचवीस-तीस इंग्रजी मेल, आणि उरलेलं वर्ष त्या मेलांवरून निघालेल्या भानगडींचे मेल. शिक्षण मराठी माध्यमात, नंतर बी. कॉम. इंग्रजीत कधी नापास झाले नाही. तरी आपल्या मेलमध्ये काहीतरी खटकतंय हे जाणवायचं. काय खटकतंय, ते मात्र सापडायचं नाही.

सापडलं ते एका नुकसानीच्या प्रकरणात. रॉटरडॅमला कंटेनर उघडला तर खालच्या थरातल्या पेट्या दबलेल्या. फोटो आले. मी उत्तरात लिहिलं 'डॅमेज ऑफ बॉक्सेस'. समोरच्या बाईंनी काही न बोलता 'डॅमेज टू द बॉक्सेस' असं लिहिलं. पुढच्या मेलात मी पुन्हा 'ऑफ', त्यांचं पुन्हा 'टू'. चौथ्या मेलाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला की बाई मला शिकवतायत, आणि तेही माझा मान राखून.

मग ऑक्टोबरात मुंबईला गेले असताना फाउंटनच्या फुटपाथवर बीबीआय या इंग्रजी शब्दजोड्यांच्या कोशाची वापरलेली प्रत मिळाली, १९९७ची सुधारित आवृत्ती. पहिली आवृत्ती १९८६ची, ॲम्स्टरडॅमच्या जॉन बेंजामिन्स प्रकाशनाची. बीबीआय ही कर्त्यांच्या आडनावांची आद्याक्षरं: मॉर्टन बेन्सन, एव्हलिन बेन्सन आणि रॉबर्ट इल्सन. यातले मॉर्टन बेन्सन मुळात स्लाव्हिक भाषांचे प्राध्यापक, सर्बोक्रोएशियन-इंग्रजी कोश करणारे. परक्या भाषेतून इंग्रजीत येणारा माणूस नेमका कुठे ठेचकाळतो हे त्यांना माहीत असणार, असं पानोपानी वाटतं.

हा अर्थ सांगणारा कोश नाही. कुठला शब्द कुणाचा हात धरून चालतो, एवढंच तो सांगतो. जोड्यांचे दोन गट केलेत. पहिल्यात नाम, विशेषण किंवा क्रियापदाला कुठलं शब्दयोगी अव्यय किंवा कुठली रचना लागते ते, आठ प्रकारांत. दुसऱ्यात शब्दाला शब्द कसा लागतो ते, सात प्रकारांत. प्रस्तावना किचकट आहे, पण ती वाचल्याशिवाय पुस्तक उघडू नका. मी आधी उघडलं आणि दोन आठवडे वैतागले. जोडीत नाम असेल तर जोडी नामाखाली शोधायची, हा साधा नियम मला ठाऊकच नव्हता. 'मेक अ मिस्टेक' हवं तर 'मेक'खाली धुंडाळून उपयोग नाही, 'मिस्टेक' उघडायचं. एकदा हे हाताला बसलं की अर्ध्या मिनिटात काम होतं.

पहिल्या महिन्यात मी नुसत्या माझ्या चुका वहीत उतरवल्या आणि समोर कोशातली जोडी लिहिली. दोन पानं भरली तेव्हा दिसलं की चुका वेगवेगळ्या नाहीतच, एकच चूक आहे. आपली षष्ठी. पेट्यांचं नुकसान, उशिराचं कारण, मालाची मागणी, प्रश्नाचं उत्तर, कोल्ड स्टोरेजची किल्ली, शेंगदाण्याची ॲलर्जी, पाच लाखांचा चेक. मराठीत सगळीकडे चा-ची-चे, म्हणून हात आपोआप 'ऑफ'कडे जातो. इंग्रजीत मात्र डॅमेज टू, रीझन फॉर, डिमांड फॉर, आन्सर टू, की टू, ॲलर्जी टू, आणि चेकला तर चक्क फॉर. त्यात गंमत अशी की द्राक्षांचा घड म्हणजे 'बंच ऑफ ग्रेप्स' आणि पाण्याची कमतरता म्हणजे 'लॅक ऑफ वॉटर', इथे 'ऑफ' बरोबर बसतो. अधूनमधून असं बरोबर येतं म्हणूनच खोड मोडत नाही.

शाळेत आम्हाला ही अव्ययं चित्रातून शिकवली. पेटीच्या आत चेंडू म्हणजे इन, पेटीवर म्हणजे ऑन. चेंडूपुरतं ठीक आहे. 'डिमांड'च्या पुढचा 'फॉर' कुठल्या पेटीच्या कुठल्या बाजूला असतो? तो त्या नामाचा आहे, नामाबरोबरच पाठ करायचा, जसं आपण लहानपणी 'ती नदी, तो डोंगर' असं लिंग शब्दाबरोबरच उचलतो. वहीत मी आता सुटं 'डिमांड' लिहीतच नाही, 'डिमांड फॉर' असा अख्खा शब्द लिहिते.

दुसरी गोष्ट कळायला डिसेंबर उजाडला. 'डिस्कस अबाउट' चूक आहे हे ऐकून होते, पण का ते कोणी सांगितलं नव्हतं. मराठीत आपण चर्चा करतो, विनंती करतो, मागणी करतो, भर देतो. क्रियापदाच्या पोटात नाम बसलेलं असतं आणि ते आपला प्रत्यय सोडत नाही: दराबद्दल चर्चा करणे, गुणवत्तेवर भर देणे. इंग्रजीतही 'डिस्कशन' या नामाला 'अबाउट' लागतो, 'एम्फसिस'ला 'ऑन' लागतो, 'रिक्वेस्ट' नाम असेल तर 'फॉर' लागतो. पण तेच क्रियापद झालं की मधला दुवा गळतो. डिस्कस द रेट, एम्फसाइज क्वालिटी, रिक्वेस्ट अ रिफंड. आपण नामाचं शेपूट क्रियापदाला लावतो, एवढंच होतं. हे कोशात असं सांगितलेलं नाही. नाम आणि क्रियापद यांच्या नोंदी लागोपाठ वाचल्या की आपल्यालाच दिसतं.

अव्यय आधी आणि नाम नंतर, अशा जोड्यांचा विभाग माझ्या सर्वांत कामी आला. आपण एका शब्दात किंवा एका प्रत्ययात जे उरकतो, ते इंग्रजीत दोन शब्दांचं जोडपं असतं. चुकून म्हणजे बाय मिस्टेक, मुद्दाम म्हणजे ऑन पर्पज, आगाऊ म्हणजे इन ॲडव्हान्स, उधारीवर म्हणजे ऑन क्रेडिट. पैसे रोखीने दिले तर इन कॅश, चेकने दिले तर बाय चेक. आपला 'ने' दोन्हीकडे तोच! 'आमच्या सल्ल्याने' हे मी वर्षानुवर्षं 'बाय अवर ॲडव्हाइस' लिहीत आले, ते 'ऑन अवर ॲडव्हाइस' निघालं. वेळेचंही तसंच. सोमवारी, सकाळी, रात्री, तिन्हीला आपली एकच दीर्घ ई. तिकडे ऑन, इन आणि ॲट. आमच्या शेठना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपली भाषा जास्त सोपी की!" शेठ कन्नडसुद्धा सोपी आहे म्हणतात, त्यामुळे त्यांचं सोडा.

क्रियाविशेषणांकडे मी उशिरा वळले. आधी माझा सगळा कारभार 'व्हेरी'वर चालायचा. व्हेरी सॉरी, व्हेरी मच रेकमेंड. कोशात विशेषण उघडलं की त्याच्याबरोबर शोभणारी क्रियाविशेषणं मिळतात. डीपली ग्रेटफुल, पण हायली अनलाइकली, रेकमेंडला स्ट्राँगली. यात तर्क शोधायला गेलात तर फसाल. आपण तरी कुठे तर्काने बोलतो? हिरवंगार म्हणतो, पिवळंगार म्हणत नाही. पिवळं ते धमक, लाल ते भडक, काळं ते कुट्ट. गोडमिट्ट, तिखटजाळ, कडूजहर. हाक मारतात, शीळ घालतात, टाळी वाजवतात. परक्या माणसाने 'टाळी घातली' म्हटलं तर आपल्याला समजेल, हसूही येईल. 'साउंड अस्लीप' पाहिलं तेव्हा हे लख्ख झालं. त्या 'साउंड'चा आवाजाशी संबंध नाही. आपला 'गाढ' आहे तो, झोपेला जोडलेला.

आता जे पटलं नाही ते. क्रियापदांच्या १९ रचना ए पासून एस पर्यंतच्या अक्षरांनी दाखवल्यात आणि दर वेळी अक्षराचा अर्थ बघायला प्रस्तावनेकडे पळावं लागतं. मी त्यातलं फक्त ए आणि बी पाठ केलं, बाकी सोडून दिलं. बी मात्र सोन्यासारखा आहे. 'एक्स्प्लेन' आणि 'सजेस्ट' या क्रियापदांच्या पुढे बी आहे, म्हणजे मधे 'टू' हवाच: एक्स्प्लेन इट टू मी. 'मला समजावून सांगा' यावरून आलेलं आपलं 'एक्स्प्लेन मी' तिथे कायमचं मिटलं.

मोठी अडचण अर्थाची. फेब्रुवारीत एका खरेदीदाराला मी लिहिलं, 'वी डाउट दॅट द पॅलेट्स वेअर शिफ्टेड'. मला म्हणायचं होतं, पॅलेट वाटेत हलवले असावेत अशी आम्हाला शंका आहे. तिकडे त्याचा अर्थ लागला बरोबर उलटा: हलवले असतील असं आम्हाला वाटत नाही. हवं होतं 'सस्पेक्ट'. 'डाउट'ला पुढे काय जोडायचं ते या कोशातून कळेल. डाउट म्हणजे आपली शंका नव्हे, हे नाही कळणार. त्यासाठी शेजारी अर्थाचा चांगला कोश हवाच. या मेलने आमचे तीन दिवस खाल्ले.

जोडीला मी कोका हा अमेरिकन इंग्रजीतल्या प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा संग्रह ऑनलाइन बघते. नोंदणी केली की तो फुकट बघता येतो आणि त्यात १०० कोटींहून जास्त शब्दांचा मजकूर आहे. दोन जोड्या टाकायच्या आणि कुठली किती वेळा येते ते पाहायचं. पण आमचे काही ग्राहक इंग्लंडातले, आणि 'ॲट द वीकेंड' की 'ऑन द वीकेंड' अशा ठिकाणी अमेरिकन आकडा दिशाभूल करतो. कोशात ब्रिटिश आणि अमेरिकन अशा खुणा केलेल्या आहेत, त्यामुळे तिथे मी पुस्तकावर जास्त भरवसा ठेवते.

इंग्रजी बऱ्यापैकी लिहिता येतं, रोज लिहावंही लागतं, आणि तरी मेल पाठवताना बोट अडखळतं, अशा माणसाने हा कोश घ्यावा. नुकतंच शिकायला लागलेल्याला तो नुसत्या याद्यांचं जंगल वाटेल. २०१०ची तिसरी आवृत्तीही आहे, पण माझ्या कामाला १९९७ची पुरते. जुनी घेणार असाल तर प्रस्तावनेची पानं जागेवर आहेत ना, तेवढं आधी बघा. माझी प्रत उसनी मागू नका. मार्चमध्ये तर नाहीच नाही.