रस्त्यावरच्या फलकांच्या मोजणीसाठी क्यूफील्ड: नोंदायला पक्कं, सांभाळायला अपुरं

क्यूफील्ड हे क्यूजीआयएस या संगणकावर नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरचं मोबाइल भावंड. स्वित्झर्लंडच्या ओपनजीआयएस या कंपनीने बनवलेलं, मुक्त स्रोत, अँड्रॉइडवर आणि आयफोनवर फुकट. नागपूरसारख्या शहरात वाहतुकीच्या फलकांची नोंदवही उभी करायची असेल तर हे ॲप कितपत पुरतं, एवढाच इथला प्रश्न. पाणवठे, झाडं, वीजखांब मोजायला ते चालतं हे बहुतेकांना ठाऊक आहे. फलकांचं गणित थोडं वेगळं आहे, कारण फलक बदलतो, खांब तोच राहतो, आणि दोघांचा मालक कधीकधी एक नसतो.

सगळ्यात आधी तक्त्यांची रचना. बहुतेक जण एकच थर (नकाशावर दिसणारा एक तक्ता) करतात: एक बिंदू म्हणजे एक फलक. पहिल्या फेरीत हे सोपं वाटतं. दुसऱ्या वर्षी फलक बदलला की जुन्या ओळीवर नवी माहिती चढते आणि आधीचा कधी लागला, किती टिकला, हे कायमचं पुसलं जातं. म्हणून तीन तक्ते हवेत: खांब, त्यावरचे फलक, आणि प्रत्येक फलकाच्या तपासण्या. बिंदू फक्त खांबाला. फलकाची नोंद सुटी नसते, ती आपल्या खांबाच्या नोंदीला जोडलेली असते. एका खांबावर दोन बाजूंना तोंड करून चार पाट्याही असतात. चोरीला गेलेली पाटीही याच रचनेत नीट बसते, कारण खांब दिसतो आणि त्यावर चालू फलक शून्य. क्यूफील्ड हे नातं फॉर्ममध्येच दाखवतं. खांबावर बोट ठेवलं की खाली फलकांची यादी आणि नवा जोडायचं चिन्ह येतं. या एका गोष्टीसाठी साध्या फॉर्म भरायच्या ॲपपेक्षा याला झुकतं माप द्यावं लागतं.

नातं जोडताना मात्र चावी (नोंद ओळखायचा रकाना) म्हणून आपोआप वाढणारा अनुक्रमांक वापरू नका. दोन जण दोन फोनवर काम करतात, दोघांकडेही ५१ नंबरचा खांब तयार होतो आणि ऑफिसात एकत्र करताना लक्ष्मीनगरचा वेग मर्यादेचा फलक लकडगंजच्या खांबाला जाऊन चिकटतो. चावी यूयूआयडीची, म्हणजे दोन फोनवर सारखी न येणाऱ्या लांबलचक क्रमांकाची ठेवा, आपोआप भरली जाणारी किंमत म्हणून यूयूआयडीचं सूत्र टाका, आणि तो रकाना फॉर्ममधून लपवा. याच सूत्रांच्या खिडकीत ‘बदल करतानाही लागू करा’ अशी खूण असते. ती बसवल्याच्या तारखेला लागली तर पुढे कुणी नुसतं शुद्धलेखन सुधारलं तरी तारीख आजची होते. ती खूण फक्त ‘शेवटचा बदल’ या रकान्याला लावायची.

रकाने कोणते? चिन्हाचा गट आणि नाव, आकारमान, पत्र्याचा प्रकार, शीटिंगचा (पाटीवर चिकटवलेल्या चमकत्या परावर्तक पडद्याचा) प्रकार, बसवल्याची तारीख, तोंड कुठल्या वाहतुकीकडे, मालक, फोटो. गट आयआरसी ६७ या रस्त्यांच्या फलकांच्या भारतीय संहितेप्रमाणे: आदेशात्मक, सावधानतेची, माहितीदर्शक. नाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा; नाहीतर ‘शाळा पुढे’, ‘पुढे शाळा’ आणि ‘स्कूल अहेड’ हे तीन वेगळे फलक होतात. लांबलचक यादीसाठी वेगळा तक्ता करून त्याच्याशी जोडलेला रकाना घ्या, त्यात शोधता येतं. आकारासाठी मोजपट्टी न्या. ६०० आणि ७५० मिलिमीटरचा त्रिकोण खालून पाहून भल्याभल्यांना ओळखता येत नाही.

मालकाच्या यादीत मनपा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), साबांवि (सार्वजनिक बांधकाम विभाग), एनएचएआय (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण), मेट्रो आणि वाहतूक पोलीस घाला. ‘माहीत नाही’ हा पर्याय मात्र विसरू नका. तो नसला तर पाहणी करणारा मनपा लिहून मोकळा होतो, आणि मग बदलायच्या फलकांचं अंदाजपत्रक चुकीच्या खात्यात जातं. मनपाचे दहा झोन बहुभुज थर (हद्दींचे आकार) म्हणून आधीच टाकून ठेवले की झोनचं नाव बिंदूच्या जागेवरून आपोआप भरता येतं. तो रकाना माणसाकडे देण्याची गरजच नाही.

शीटिंग हा खरा कळीचा रकाना, आणि तिथेच नोंदी सर्वांत जास्त चुकतात. एएसटीएम डी ४९५६ या अमेरिकी मानकाप्रमाणे टाइप १ म्हणजे इंजिनिअर ग्रेड, टाइप ३ आणि ४ हाय इंटेन्सिटी, टाइप ८, ९ आणि ११ मायक्रोप्रिझमॅटिक (बारीक लोलकांची). नव्या पांढऱ्या शीटिंगची किमान परावर्तकता (दिव्याचा प्रकाश चालकाकडे परत पाठवण्याची क्षमता) ०.२ अंश निरीक्षण कोन (दिवा आणि चालकाचा डोळा यांमधला) आणि उणे ४ अंश प्रवेश कोनाला (प्रकाश पाटीवर किती तिरपा पडतो तो) टाइप १ ची ७०, टाइप ३ ची २५०, टाइप ४ ची ३६० आणि टाइप ११ ची ५८० कँडेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर. दिवसा सगळे सारखेच दिसतात. जवळ जाऊन जाळी पाहावी लागते: मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी बहुधा टाइप ३, आणि चौकटी किंवा हिऱ्याच्या आकाराची नक्षी दिसली तर प्रिझमॅटिक. मागच्या बाजूला कंत्राटदाराचा स्टिकर शिल्लक असला तर आधी त्याचा फोटो. क्यूफील्डमध्ये ‘मागची किंमत लक्षात ठेवा’ अशी पिन प्रत्येक रकान्याशेजारी असते. रस्त्याचं नाव, मालक, पाहणी करणारा यांना ती लावली की वेळ वाचतो. शीटिंगला लावली की एका फलकाची चूक पुढच्या चाळीस फलकांवर जाते.

तपासणीच्या तक्त्यात ‘चांगला, मध्यम, वाईट’ एवढंच ठेवलं तर दोन माणसांचं मत जुळत नाही. त्याऐवजी दोष लिहा, आणि एकाहून जास्त निवडता येतील असा रकाना करा: खांब कलला, पत्रा वाकला, शीटिंग सोलली, लाल रंग उडाला, फांदीआड गेला, पोस्टर चिकटलं, पाटी नाही. यातले निम्मे दोष फलक न बदलता सुटतात. गुलमोहराची फांदी छाटायची आहे, नवी पाटी मागवायची नाही, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पोस्टर पाण्याने निघतं (शीटिंग खरवडू नका). लाल रंगावर वेगळं लक्ष द्या. छापील शाईचा लाल आधी फिका होतो, ‘थांबा’चा अष्टकोन गुलाबी होतो, पण पांढरी अक्षरं चमकत राहतात, त्यामुळे रात्री घाईत पाहणाऱ्याला तो ठीक वाटतो.

दिवसाच्या फोटोतून परावर्तकता कळत नाही. ती रेट्रोरिफ्लेक्टोमीटर या हातात धरायच्या यंत्राने मोजायची, पण ते यंत्र लाखांच्या घरात जातं आणि शहरातला प्रत्येक फलक मोजणं कुणालाच परवडत नाही. अमेरिकेच्या एमयूटीसीडी या वाहतूक फलकांच्या नियमपुस्तिकेत मान्य असलेले मार्ग इथेही कामाचे आहेत: रात्री डिप्परवर गाडी चालवत डोळ्यांनी पाहणी, यंत्राने मोजणी, ठरलेलं आयुष्य संपलं की बदल, एका पट्ट्यातले सगळे एकदम बदलणे, आणि नमुन्याचे फलक मोजून बाकीच्यांचा अंदाज. यातला तिसरा मार्ग बसवल्याच्या तारखेशिवाय चालतच नाही. म्हणून तारीख माहीत नसेल तेव्हा रिकामी सोडा, अंदाजाने १ जानेवारी भरू नका.

जागेच्या अचूकतेबद्दल ॲप प्रामाणिक आहे, फोन नाही. मोकळ्या रस्त्यावर साधा फोन तीन ते पाच मीटरांत असतो. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली मात्र डोक्यावर पूल आणि त्यावर मेट्रो. तिथे बिंदू समोरच्या दुकानात जाऊन पडतो. ॲपमध्ये सरासरी घेण्याची सोय आणि अचूकतेची मर्यादा आहे, पण आदळून परतलेल्या सिग्नलची सरासरीही चुकीचीच येते. अशा ठिकाणी जीपीएसचं कुलूप काढा आणि आधी भरलेल्या उपग्रह चित्रावर बोटाने बिंदू ठेवा. शिवाय खांब खालच्या रस्त्यावर आहे की पुलावर, हे नकाशा सांगत नाही. ‘स्तर’ असा रकाना हवाच. दिशेसाठी फोनच्या होकायंत्रावर विसंबू नका. लोखंडी खांबाजवळ ते भरकटतं. ‘वर्धेकडून येणाऱ्या वाहतुकीला’ असं लिहिलेलं अंशांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

प्रक्षेपणासाठी, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडून मीटरमध्ये मोजण्यासाठी, यूटीएम पद्धतीचा ४४ उत्तर हा पट्टा; सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४४. हीच फाइल घेऊन अमरावतीपर्यंत जाणार असाल तर ७८ अंश रेखांश अमरावतीच्या अलीकडेच लागतो आणि तिथून ४३ वा पट्टा सुरू होतो. म्हणून साठवण अक्षांश-रेखांशात ठेवा, अंतरं काढताना यूटीएममध्ये बदला. महामार्गाच्या नोंदीत साखळी क्रमांकाचा (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराचा) रकाना जोडा, कारण साबांवि आणि एनएचएआयची देयकं त्यावरच निघतात. शहरात साखळी क्रमांक कुणी विचारत नाही. जवळचा चौक आणि वीजखांबाचा नंबर पुरतो.

आता तक्रारी. फाइल जिओपॅकेज या प्रकारातच ठेवा, त्यात सगळे तक्ते एका फाइलमध्ये बसतात. शेपफाइल या जुन्या प्रकारात रकान्याचं नाव दहा अक्षरांवर तुटतं आणि देवनागरीचं काय होईल याचा नेम नाही. पण जिओपॅकेजचाही एक डाव आहे. ॲप उघडं असताना केबलने नुसती मुख्य फाइल उचलली तर शेजारची ‘डब्ल्यूएएल’ शेपटी (ताजे बदल तात्पुरते ठेवणारी फाइल) मागे राहते आणि शेवटच्या तासाभराच्या नोंदी गायब होतात. प्रकल्प बंद करा, मग अख्खं फोल्डर उचला. फोटोंची कमाल रुंदी आधीच ठरवा. तीन एमबीचे दोन फोटो धरले तर हजार फलकांचे सहा जीबी होतात, १२८० पिक्सेलला तेच काही शे एमबीत बसतात. क्यूफील्डक्लाउड या त्यांच्याच ऑनलाइन साठवणीच्या फुकट खात्यात एवढी जागा नसते, हे दुसऱ्या दिवशीच कळतं. फेरतपासणीच्या वेळी खांबांच्या थराची जागा गोठवून द्या, नाहीतर बोट लागून बिंदू सरकतात.

आणि ज्यासाठी लोक हे ॲप घेतात ते त्यात नाहीच: कामाचा आदेश, हमी संपण्याची आठवण, भांडारात किती त्रिकोण शिल्लक. त्यासाठी ऑफिसात पोस्टजीआयएस (नकाशाच्या नोंदी सांभाळणारा डेटाबेस) आणि ते चालवणारा एक माणूस लागतो. फलक बदलणाऱ्या कंत्राटदाराकडून जुन्या आणि नव्या पाटीच्या नोंदीसह फोटो मिळाल्याशिवाय देयक पुढे सरकवायचं नाही, अशी अट निविदेत नसेल तर वर्षभरात नोंदवही आणि रस्ता यांची फारकत होते. जुनी ओळ पुसायची नाही, ‘काढला’ अशी स्थिती आणि तारीख द्यायची.

मे महिन्यात मोजणी काढू नका. पंचेचाळीस अंशांत काळा फोन चार्ज होणं थांबवतो आणि पडदा मंद पडतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी योग्य, फक्त सिव्हिल लाइन्स आणि विधान भवनाच्या आसपासचा भाग जानेवारीसाठी ठेवा. डिसेंबरच्या अधिवेशनाआधी तिथे रंगरंगोटी होते, आणि नोव्हेंबरात लिहिलेले दोष तेव्हा जागेवर सापडतीलच असं नाही.