१४४१६ : पहिल्या लाईटआधीच्या रात्रींसाठी

लाईट म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन. त्याच्या आखणीसाठीचा सिम्युलेशनचा सीटी स्कॅन झाला की पहिली लाईट मिळेपर्यंत बरेचदा आठवडा जातो. आत प्लॅनिंग चालू असतं आणि पेशंट ठाण्याच्या नाहीतर खारघरच्या घरात छताकडे बघत असतो. या दिवसांत टेलिमानस बऱ्यापैकी कामाला येते. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि चोवीस तास चालू असते.

१४४१६ लावून मराठी निवडा. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडल्यास तज्ज्ञाशी जोडून देतो. ‘ठाण्याला पाठवा’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हा विनोद ऐकत वाढलेल्या माणसाला घरबसल्या बोलता येतं, हा फायदा लहान नाही.

निदान, चालू गोळ्या आणि लाईटची तारीख कागदावर लिहूनच फोन करा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ते आवर्जून सांगा, झोप त्यानेही उडते. स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेन चालू असेल तर तेही सांगा, कारण नैराश्यावरच्या पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन या गोळ्यांमुळे तिचा परिणाम कमी होऊ शकतो. भूक नाही, थकवा आहे, एवढ्यावरून नैराश्य ठरवू नका, आजारानेही तसं होतं. दोन आठवडे कशातच मन लागत नाही, नातवंडं आली तरी तोंड भिंतीकडेच, हे मात्र नक्की सांगा. जीव द्यावासा वाटत असेल तर पेशंटला एकटं सोडू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.

रात्री दोनच्या घालमेलीसाठी टेलिमानसला पाचपैकी चार. मास्कच्या भीतीला दोनच, कारण ते काम फोनवर होण्यासारखं नाही. डोक्या-मानेच्या लाईटसाठी मास्क बनवताना जाळीदार प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात. काही मिनिटांत ते कडक होतं आणि टेबलाला अडकवलं जातं. भीतीने खांदे वर चढलेले असताना मास्क बनला, तर पुढे अंग सैल पडल्यावर तो नीट बसत नाही. मग नवा मास्क, कधी नवं प्लॅनिंगही, आणि वाट बघणं वाढतं.

म्हणून बंद जागेची भीती असेल तर साचा घ्यायच्या आधीच टेक्नॉलॉजिस्टला सांगा. डोळ्यांपाशी जाळी कापता येईल का विचारा. हात वर केला की मशीन थांबेल, हे ठरवून घ्या. बाहेरून कॅमेऱ्यात दिसतं. डॉक्टरांनी भीतीची गोळी दिली तर मास्कच्या दिवशीही ती घ्यायची का, ते विचारून घ्या. गोळी घेतल्यावर स्कूटर चालवायची नाही, सोबत कुणीतरी हवंच.