फळ्या टिकल्या, पट्टीने दगा दिला: फ्लोरिडातल्या पूर-बॅरियरचा वर्षभराचा अनुभव

गॅरेजच्या दारात पुराचं पाणी अडवायला आम्ही ॲल्युमिनियमच्या फळ्यांचा बॅरियर घेतला होता. त्याच्या पट्टीबद्दलच्या तक्रारीला गेल्या आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. खालची रबरी पट्टी वॉरंटीत बसत नाही, कारण ती वापराने झिजणारी वस्तू आहे. वॉरंटी दहा वर्षांची आहे, पण फक्त ॲल्युमिनियमवर. दहा वर्षांत ॲल्युमिनियमला काय होणार आहे? पाणी अडतं ते पट्टीमुळे, आणि नेमकी तीच वॉरंटीबाहेर. म्हणून हा सविस्तर अनुभव लिहायला घेतला. 1 जूनला हरिकेनचा मोसम सुरू होतोय, आणि आपली बरीच मंडळी सध्या असल्या बॅरियरचे भाव विचारत फिरतायत.

आम्ही सेंट पीटर्सबर्गच्या ईशान्य भागात राहतो, झोन ए मध्ये, म्हणजे वादळात सगळ्यात आधी घर सोडायला सांगतात त्या भागात. ऑगस्ट 2023 मध्ये इडालिया चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला न धडकता समुद्रातूनच उत्तरेला निघून गेलं, तरी खाडीचं पाणी आमच्या गॅरेजमध्ये शिरलं. त्यानंतर हा खर्च केला. प्रकार नेहमीचाच: दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत कायमचे बसवलेले चॅनेल, त्यात एकावर एक सरकवायच्या ॲल्युमिनियमच्या फळ्या, वरून क्लॅम्प. जुन्या पेठेतली दुकानं रात्री फळ्या खाचेत सरकवून बंद करायचे, तसंच. गॅरेजचं दार सोळा फुटी असल्यामुळे मध्ये एक काढता-घालता येणारा खांब. उंची तीन फूट.

तीनच फूट का, असं बरेच जण विचारतात. कारण पाण्याची उंची वाढते तसा दाब सरळ हिशेबाने वाढत नाही. सोळा फुटी दारावर दोन फूट खारं पाणी उभं राहिलं तर एकूण रेटा साधारण 900 किलो. तेच पाणी तीन फूट झालं की दोन टनांच्या वर. फळ्या सोसतीलही, पण साध्या ब्लॉकच्या भिंतीचं काय? म्हणून इंजिनिअरकडून भिंत तपासून घेतल्याशिवाय तीन फुटांच्या वर पाणी अडवायला जाऊ नका असं इथे सगळीकडे सांगतात, आणि ते ऐकावं. विक्रेता चार फुटांचा सेट गळ्यात मारत असेल तर आधी भिंतीबद्दल विचारा.

याच्याआधी आम्ही पाण्याने फुगणाऱ्या पिशव्या आणल्या होत्या. स्वस्त, हलक्या, कपाटात मावतात. त्यांच्या आत सोडियम पॉलिअॅक्रिलेटची पूड असते, बाळांच्या डायपरमध्ये असते तीच. गोड्या पाण्यात ती झकास फुगते, पण मिठाच्या पाण्यात तिची शोषण्याची ताकद फारच कमी होते. हरिकेनचा सर्ज म्हणजे वादळाने किनाऱ्यावर ढकललेलं पाणी, ते समुद्राचंच असतं. पाकिटावर ही सूचना बारीक अक्षरात मागच्या बाजूला छापलेली असते. खाडीकाठच्या गावात ती वस्तू दुकानाच्या दारातच ढीग लावून विकतात, याचा मला अजून राग आहे. पावसाच्या पाण्यासाठी घ्या, सर्जसाठी घेऊ नका.

आता पट्टी. सगळ्यात खालच्या फळीच्या बुडाला साधारण दोन इंच रुंद, स्पंजासारख्या रबराची पट्टी असते. वरून क्लॅम्प आवळले की ती दबते आणि जमिनीशी सांधा धरते. ब्रोशरमधल्या फोटोत जमीन आरशासारखी सपाट दिसते. खरं काँक्रीट तसं नसतं. इथल्या ड्राइव्हवेवर पाय घसरू नये म्हणून ओलं असतानाच झाडू फिरवतात, त्याच्या रेघा राहतात. पट्टी नवीन असताना त्या रेघांमध्ये बसत होती. पण फळ्या एकावर एक रचून गॅरेजमध्ये ठेवायच्या, असं कंपनीच्याच पुस्तिकेत लिहिलंय. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात बंद गॅरेजची नुसती भट्टी होते. वरच्या वजनाखाली आणि त्या उष्णतेत पट्टी एकदा दबली की परत फुगत नाही. सप्टेंबरमध्ये काढली तेव्हा ती अंगठ्याने दाबून पाहिली. आमच्या बोटाचा खळगा तसाच राहिला, भरून आला नाही. रबर चिवट होतं, कुठे फाटलेलं नव्हतं, पण त्यातला जीव गेला होता.

दुसरी गोष्ट कुणीच सांगत नाही. गॅरेजची फरशी आणि ड्राइव्हवे यांच्यामध्ये एक सांधा सोडलेला असतो, काँक्रीट उन्हाने फुगतं म्हणून. आमचा सांधा डावीकडच्या चॅनेलखालून तिरका आत जातो. वर पट्टी कितीही घट्ट बसवा, पाणी त्या फटीतून फळीच्या खालून आत येतं. चॅनेल बसवायला आलेल्या माणसांना हा सांधा समोर दिसत होता. लवचीक सीलंटने तो भरून घ्या, एवढं एक वाक्य बोलायला काय हरकत होती?

26 सप्टेंबर 2024 च्या रात्री हेलीन चक्रीवादळ बिग बेंड भागात किनाऱ्याला लागलं, आमच्यापासून बरंच दूर. तरीही टॅम्पा बेमध्ये, म्हणजे आमच्या खाडीत, पाणी मोजणाऱ्या यंत्रांच्या नोंदींमधला सर्वात मोठा सर्ज आला. झोन ए ला घर सोडायचा आदेश होता, आम्ही ऑर्लँडोला गेलो. हे ठळक लिहितेय, कारण काही जण विचारतात की बॅरियर लावला तर घरी थांबता येईल का. नाही. बॅरियर भिंतींसाठी आणि सामानासाठी असतो, माणसांसाठी नाही. तो तुमच्या मागे एकट्याने उभा राहायला हवा, पंप वीज नसताना चालायला हवा, आणि क्लॅम्प आवळायला मध्यरात्री कुणी हजर असेल असं धरून चालू नये.

परत आलो तेव्हा फळ्यांवर बाहेरून चिखलाची रेघ दोन फुटांच्या थोडी खाली होती. एकही फळी वाकली नव्हती, मधला खांब जागचा हलला नव्हता. गॅरेजमध्ये मात्र घोट्याइतकं पाणी येऊन गेलेलं, आणि ते कुठून आलं ते चिखलच दाखवत होता: डाव्या कोपऱ्यातून पंख्यासारखा पसरलेला गाळ, आणि पट्टीच्या कडेने अंतराअंतरावर बारीक जिभा. गॅरेजमधून घरात जायला पायरी आहे, म्हणून त्या बाजूने घर कोरडं राहिलं. न्हाणीघरात खालून पाणी येऊ नये म्हणून आम्ही ड्रेनमध्ये फुगवायचे बूच बसवून गेलो होतो. तेवढं पाहाच, कारण हेलीनच्या वेळी शहराने आमच्या भागातला सांडपाण्याचा प्लांट बंद केला होता आणि नळ-फ्लश वापरू नका असं कळवलं होतं. दारं अडवली आणि मोरी उघडी ठेवली तर काय उपयोग?

इथपर्यंतचं मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी 'घेऊ नका' असं लिहिलं होतं. ते आता काढून टाकलंय.

कारण लगेच मिल्टन आलं. 9 ऑक्टोबरला ते सिएस्टा कीला, म्हणजे आमच्या दक्षिणेला, किनाऱ्यावर आलं. वारा उलट्या दिशेने वाहिल्यामुळे टॅम्पा बेचं पाणी चढण्याऐवजी मागे ओढलं गेलं. पण सेंट पीटर्सबर्गमध्ये एका दिवसात 18 इंचांहून जास्त पाऊस पडला. हेलीनमधल्या भिजलेल्या गाद्या आणि भिंतींचे तुकडे अजून रस्त्याच्या कडेला ढिगाने पडले होते, गटारं तुंबलेली. रस्त्याचं पाणी आमच्या ड्राइव्हवेवर चढलं. दोन वादळांच्या मधल्या दिवसांत नवऱ्याने तो सांधा सीलंटने भरला होता, पट्टीखाली बाजारातली साधी बंद-पेशींची (पाणी न शोषणारी) फोमची पट्टी जोडली होती, आणि आतल्या बाजूला बॅटरीवरचा पंप ठेवला होता. गळती झाली, पण पंपाने ती फेकली. गॅरेज ओलं झालं, भरलं नाही.

नंतर वाचलं की पूर-बॅरियरसाठी अमेरिकेत जो मापदंड आहे, एएनएसआय/एफएम 2510, तोसुद्धा गळती शून्य हवी असं म्हणत नाही, ठरावीक मर्यादेत हवी असं म्हणतो. मग विक्रेते 'पूर्ण वॉटरटाइट' का म्हणतात? बॅरियर आणि पंप ही जोडीच विकायला हवी. पंपाचे पैसे वाचवून कुणी नुसत्या फळ्या घेत असेल तर मी म्हणेन थांबा, पैसे साठवा, दोन्ही एकदम घ्या.

टॅम्पा जनरल हॉस्पिटलभोवतीची ॲक्वाफेन्स, म्हणजे पूर अडवायची तात्पुरती भिंत, सगळ्यांनी बातम्यांत पाहिली असेल. हेलीनमध्ये तिने बेटाच्या टोकावरचं ते हॉस्पिटल चालू ठेवलं, याचं मला मनापासून कौतुक आहे. तिची रचना वेगळी आहे. पॅनेल इंग्रजी एल आकाराची असतात, आडवा भाग पाण्याच्या बाजूला. पाणी जितकं चढेल तितकं त्या आडव्या भागावर वजन पडतं आणि सांधा आपोआप घट्ट होतो. आमच्या फळ्यांत सगळी मदार आपण आवळलेल्या क्लॅम्पवर आणि त्या पट्टीवर. अर्थात तिथे प्रशिक्षित टीम आणि मोकळी जागा असते, घराच्या दारापुढे ते जमणार नाही.

एका मैत्रिणीचं किराणा दुकान आहे, काचेच्या दर्शनी भागाचं. तिने आमच्यासारख्याच फळ्या बसवल्या, पण आधी दारापुढे काँक्रीटचा गुळगुळीत पट्टा ओतून घेतला. तिच्याकडे गळती नगण्य. दुकानदारांनी हे आधी करावं, खर्च फळ्यांच्या मानाने किरकोळ आहे.

पैशांचं सांगायचं तर राष्ट्रीय पूर विम्यात एक तरतूद आहे जी एजंट स्वतःहून सांगत नाहीत. पूर येण्याआधी वाळूच्या पिशव्या, पंप, प्लास्टिक, लाकूड आणि मजुरी यांवर केलेल्या खर्चापैकी 1,000 डॉलरपर्यंत परत मिळू शकतात. सामान सुरक्षित जागी हलवायला आणखी 1,000. पावत्या जपून ठेवा. आणि नवीन पॉलिसीला सहसा 30 दिवस थांबावं लागतं, वादळाचं नाव जाहीर झाल्यावर धावून फायदा नाही.

चिपळूणच्या मामेभावाने फोटो बघून विचारलं, आपल्याकडे चालेल का? 2021 च्या जुलैत तिथे तळमजलेच्या तळमजले बुडाले. तेवढ्या पाण्याला तीन फुटी फळी काय करणार? सामान माडीवर नेणं हाच तिथे उपाय. मुंबईत मात्र, जिथे दर पावसाळ्यात दुकानात फूट-दीड फूट पाणी शिरतं आणि लोक उंबऱ्यावर विटा रचतात, तिथे ही वस्तू नक्की कामाची आहे.

कंपनीला मी परत लिहिलंय. नवीन पट्टी सुटी मिळत नाही, फळीसकट घ्यावी लागते, म्हणजे दोन इंच रबरासाठी सगळी खालची फळी विकत घ्यायची. हे मला मान्य नाही. पट्टी फुटावर मोजून विका, दर दोन वर्षांनी बदला असं पुस्तिकेत छापा, आणि फळ्या रचून नाही तर भिंतीला उभ्या टेकवून ठेवा असं सांगा, एवढ्या तीन मागण्या केल्यात. आमच्या फळ्या आता उभ्याच आहेत, बुडाला मोकळी हवा. चॅनेल, फळ्या आणि खांब यांना माझे पूर्ण गुण. पट्टीचं उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.