रोशा तेलातून जिरॅनिऑल: प्लेटचा कॉलम की पॅकिंगचा?

शहादा-तळोद्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, रोशा गवताच्या भट्ट्या पेटल्या की गुलाबासारखा वास रस्त्यापर्यंत येतो. गवतातून तेल काढायला खानदेशाला कुणी शिकवायची गरज नाही. एकेकाळी हे तेल मुंबईहून तुर्कस्तानात जाई, तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई, आणि त्यापायी व्यापारात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ असं भलतंच नाव पडलं होतं. अडचण पुढच्या पायरीला येते. कच्चं तेल डब्यात भरून विकायचं, की त्यातलं जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबी वासाचा मुख्य घटक, शुद्ध करून विकायचं? शुद्ध करायचं ठरलं की कॉलम आला, म्हणजे उकळत्या तेलाची वाफ ज्यातून वर चढते तो उंच नळा. तो बांधणारा फॅब्रिकेटर पहिला प्रश्न टाकतो: आत आडव्या, भोकांच्या प्लेटा बसवू की जाळीसारखं पॅकिंग भरू?

मी पॅकिंगच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ‘पॅकिंगने शुद्धता जास्त येते’ हे जे कारण सगळे सांगतात, ते माझं नाही. पुरेशा प्लेटा टाकल्या तर शुद्धता त्यांनीही येते.

खरं कारण दाबात आहे. जिरॅनिऑल साध्या हवेच्या दाबाला साधारण २३० अंशांवर उकळतं, पण तिथवर तापवलं की तेल करपतं, रंग धरतं, वास जातो. म्हणून व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने हवा ओढून आतला दाब कमी करणं. दाब १२ मिमी पाऱ्यावर आणला तर तेच जिरॅनिऑल ११४-११५ अंशांवर उकळतं. हा १२ मिमी कॉलमच्या डोक्यावरचा. खाली पॉटमध्ये, जिथे तेल तासन्‌तास तापत बसतं, तिथला दाब म्हणजे डोक्यावरचा दाब अधिक वाफेला वर चढताना होणारा अडथळा.

प्रत्येक प्लेटवर वाफेला द्रवाच्या थरातून बुडबुडे काढत जावं लागतं. व्हॅक्यूममध्ये एका प्लेटला ३ मिमी धरा. २० प्लेटांचे ६० झाले. पॉटमध्ये ७२ मिमी, आणि त्या दाबाला जिरॅनिऑलचा उत्कलनबिंदू येतो १५७ अंशांच्या आसपास. त्याच ताकदीचं सहा मीटर स्ट्रक्चर्ड (ठरावीक रचनेत घडवलेलं) पॅकिंग घेतलं तर अडथळा १० मिमीच्या घरात राहतो: पॉटमध्ये २२ मिमी, तापमान सुमारे १२८. वर दोन्हीकडे थर्मामीटर ११४ च दाखवतो. तेल मात्र एकीकडे जवळजवळ तीस अंश जास्त सोसतं.

एका शेडमध्ये हे नाकाने अनुभवलं आहे. प्लेटचा कॉलम, पाण्याचा रिंग पंप (आत फिरणाऱ्या पाण्याच्या कड्याने हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप), मे महिना. ऑपरेटर वरच्या थर्मामीटरकडे बघून वाफ देत होता, वर १४० च्या पुढे दिसत होतं म्हणून घाबरून रिफ्लक्स (वर थंड करून कॉलममध्ये परत सोडलेला माल) वाढवत होता, आणि आकडा काही हलत नव्हता. शेवटी पॉट उघडला तर आत काळपट, चिकट गाळ. मालकांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाले, “तेल जयी गयं भो.” (तेल जळून गेलं.) चूक ऑपरेटरची नव्हती, पंपाची होती.

म्हणून पंपाची तुलना मी कॉलमच्या आधी करायला सांगतो. पाण्याचा रिंग पंप स्वस्त, मजबूत, गावातला वायरमनही दुरुस्त करतो. पण त्यातल्या पाण्याच्या स्वतःच्या वाफेचा जो दाब असतो, त्याच्याखाली तो जाऊ शकत नाही. ३० अंशांच्या पाण्याला हा दाब ३२ मिमी, ३५ ला ४२, ४० ला ५५. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या हौदातलं पाणी ३५ ला सहज पोचतं. म्हणजे १२ मिमी विसरा. ४२ मिमीला वरच जिरॅनिऑल १४३ अंशांवर येतं, आणि खाली प्लेटांचे ६० मिळवले की पॉट १६५ च्या पुढे. याला तेलाचा रोटरी पंप आणि त्याच्या आधी वाफ थिजवून अडवणारा थंड ट्रॅप हाच उपाय. तेलाचा पंप लाडावलेला असतो. ओलावा पोटात गेला की पंपाचं तेल बदला. पण १२ मिमी देतो.

पाणी गार करणारा कूलिंग टॉवर लावलात तर गंमत उलटी होते. टॉवर हा मोठा माठच. मे मध्ये हवा कोरडी असते म्हणून माठ गार होतो, टॉवरचं पाणीही. श्रावणात माठातलं पाणी कोमट लागतं, आणि वाफ थंड करणारा कंडेन्सरही तेव्हाच कुरकुरतो. फक्त बोअरचं जड पाणी थेट टॉवरला देऊ नका. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि कंडेन्सरच्या नळ्यांत पांढरा थर बसतो.

आता तापमानाचा कंट्रोल. यात दोन पर्याय समोर येतात: ऑपरेटरने हाताने वाफेचा व्हॉल्व्ह फिरवायचा, किंवा पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर लावून पीआयडी, म्हणजे आपोआप व्हॉल्व्ह हलवणाऱ्या, कंट्रोलरला काम द्यायचं. साहजिकच दुसरा चांगला. पण व्हॅक्यूम हलत असेल तर दोन्ही सारखेच आंधळे. १२ मिमीच्या आसपास दाब फक्त १ मिमीने सरकला तरी उत्कलनबिंदू जवळजवळ पावणेदोन अंशांनी सरकतो. कंट्रोलरला वाटतं माल बदलला, आणि तो वाफ कमी-जास्त करत बसतो. पैसे मर्यादित असतील तर आधी दाब स्थिर ठेवणारा कंट्रोल आणि खरा दाब दाखवणारा डिजिटल गेज घ्या. साधा डायल गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा देतो. त्यावर १२ आणि ३० मधला फरक काट्याच्या जाडीत हरवतो.

सेन्सर कुठे बसवायचा यावर मी भांडायलाही तयार असतो. बहुतेक फॅब्रिकेटर एक डोक्यावर आणि एक पॉटमध्ये देतात. तिसरा कॉलमच्या मधोमध हवा. जिरॅनिऑलचा कट (वेगळा काढायचा भाग) संपत आला की जड माल खालून वर सरकू लागतो. मधला सेन्सर आधी चढतो, वरचा तेव्हा अजून शांत असतो. वरचा चढेपर्यंत थांबलात तर वाईट माल चांगल्या ड्रममध्ये गेलेला असतो. मधला चढू लागला की रिफ्लक्स वाढवायचा. मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत जास्त रिफ्लक्स ठेवणं म्हणजे इंधन जाळणं: रिफ्लक्सचं प्रमाण दीडवरून तीनवर नेलं की तितक्याच मालाला उष्णता १.६ पट लागते.

प्लेटच्या बाजूने बोलायचं तर ती गाळ सहन करते, उघडून घासता येते. पॅकिंगच्या बारीक जाळीत लोखंडी पॉटचा गंज किंवा साबणासारखा अवशेष अडकला की आत काय झालं ते कळतच नाही. शिवाय पॅकिंगला वरून द्रव सगळीकडे सारखा पडला पाहिजे. कॉलम ओळंब्यात नसेल तर द्रव एका बाजूच्या भिंतीवरून वाहतो आणि सहा मीटर उंची फुकट जाते. तेल गाळलेलं आणि कोरडं देण्याची शिस्त नसेल तर प्लेटच घ्या, तेही दोन-अडीच फुटांच्या वरच्या व्यासाला, जिथे माणूस आत उतरू शकतो. त्याखालच्या व्यासाला मला प्लेटचं कारण सापडत नाही.

एक गोष्ट कॉलम कोणताही असो, जमत नाही. रोशा तेलातलं जिरॅनिल ॲसिटेट जिरॅनिऑलच्या इतकं जवळ उकळतं की नुसत्या उंचीने दोघांना वेगळं करणं महागात पडतं. त्यापेक्षा आधी अल्कलीने ॲसिटेट फोडून त्याचंही जिरॅनिऑल करून घ्या, तेल धुऊन कोरडं करा, मग कॉलमला द्या. रोशाच्या सोफिया जातीचं तेल मात्र या फंदात आणूच नका. भरपूर जिरॅनिऑल मोतिया जातीत असतं. आणि हंगामाला चार-पाच ड्रमच कच्चं तेल निघत असेल तर कॉलम बांधण्यापेक्षा दुसऱ्याकडून जॉब वर्कवर काढून घेतलेलं बरं.

ऑर्डर दिलीच तर शेवटचा हप्ता अडवून ठेवा. रिकामा, कोरडा कॉलम १२ मिमीवर आणायला सांगा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि तासभर चहा प्या. गेज ४-५ मिमीहून जास्त चढला तर गॅस्केट पुन्हा कसायला लावा, मग चेकवर सही.