वायफाय कार्ड बदललंच नव्हतं, तरी ३,२०० रुपये घेतले. लिनक्सचा लॅपटॉप दुकानात देण्याआधी हे वाचा

मी कराडला कॉलेजात शिकवते. लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) आहे, प्रश्नपत्रिका, नोट्स सगळं त्यावरच. जूनमध्ये अचानक अपडेट होईना. सॉफ्टवेअर अपडेटर उघडला की एरर, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) अॅप्ट अपडेट ही अपडेटची कमांड दिली की बराच वेळ गप्प आणि मग खालोखाल ओळी, प्रत्येकीत ‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ आणि पुढे उबुंटूच्या सर्व्हरचं नाव. ब्राउझरमध्ये पण काही उघडेना, वायफायच्या चिन्हावर प्रश्नचिन्ह. मोबाईल मात्र त्याच वायफायवर मस्त चालत होता, म्हणून मी धरूनच चालले की बिघाड लॅपटॉपचाच.

स्टँडजवळच्या एका दुकानात नेला (नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे). तिथल्या माणसाने ते प्रश्नचिन्ह बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, मॅडम वायफाय कार्ड गेलंय, २,८०० कार्डाचे आणि ४०० बसवायचे. दोन दिवसांनी आणायला गेले तर माझ्यासमोर अपडेट चालवून दाखवलं, सगळं भराभर डाउनलोड झालं, मी खुश होऊन पैसे दिले. घरी आले, लॅपटॉप लावला, परत तेच. फोन केला तर म्हणाले मुलगा पाठवतो, व्हिजिटचे ६०० होतील. मुलगा आला, टर्मिनल उघडून काहीतरी टाइप केलं, पाच मिनिटांत सुरू. मी लॅपटॉप शक्यतो बंद करत नाही, झाकण लावते फक्त, त्यामुळे चार दिवस ठीक गेले, मग एकदा लाइट गेली, बॅटरी उतरली, लॅपटॉप बंद पडला आणि चालू केल्यावर परत जैसे थे. आता दुकानदार म्हणतो बोर्डावरचा आयसी (चिप) वीक आहे, ८,५०० लागतील, नाहीतर विंडोज टाकून घ्या, या उबुंटूला काही अर्थ नाही.

तेव्हा भाचीला व्हिडिओ कॉल केला, ती पुण्यात सर्व्हरचंच काम बघते. ती म्हणाली, मावशी, आधी ८.८.८.८ ला (हा गूगलच्या एका सर्व्हरचा आकडी पत्ता) पिंग कर, म्हणजे तिथून उत्तर येतं का बघ. केलं, तर लगेच उत्तरं यायला लागली, ओळीमागून ओळ. मग म्हणाली आता उबुंटूच्या साइटचं नाव टाकून पिंग कर, तर ते नाव सापडेचना. ती म्हणे झालं, तुझं कार्ड, राउटर, केबल सगळं ठीक आहे, आकड्याने गेलं तर पोचतंय, नावाचा आकडा काढून देणारा डीएनएस तेवढा मेलाय. आपण साइटचं नाव टाकतो, पण मशीनला लागतो तिचा आयपी अॅड्रेस, आणि तो विचारायचा डीएनएस सर्व्हरला. तो सर्व्हरच उत्तर देत नसेल तर अपडेटने जायचं कुठे. मी म्हटलं अगं पण मोबाईल चालतोय ना. ती म्हणाली मोबाईल डेटा बंद कर बरं. मी बंद केला आणि आमचा कॉलच कट झाला! म्हणजे वायफायला नेट नाही हे ओळखून फोन आपला आपणच डेटावर गेलेला आणि मी महिनाभर लॅपटॉपला दोष देत होते.

मग साध्या फोनवर बोलत तिने रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस ही कमांड द्यायला लावली, लॅपटॉप कोणता डीएनएस वापरतोय ते ती दाखवते. त्यात आमच्या राउटरने दिलेला डीएनएसचा पत्ता दिसला, ब्रॉडबँडवाल्याने कनेक्शन देताना हाताने भरलेला, आणि तो सर्व्हर त्यांनी मध्यंतरी बंद केलेला (हे नंतर त्यांनीच फोनवर कबूल केलं). दुकानात का चाललं तेही आता कळलं. त्यांचं वायफाय, त्यांचा राउटर, त्यांचा डीएनएस, चालणारच ना. त्यांनी काहीही केलेलं नव्हतं.

खरा संताप पुढे आहे. भाचीने हिस्टरी कमांड (आधी टाइप केलेल्या कमांड दाखवणारी) द्यायला सांगितली, त्यात त्या मुलाने दिलेली कमांड जशीच्या तशी, नॅनो या एडिटरने ईटीसी फोल्डरमधली रिझॉल्व्ह.कॉन्फ, म्हणजे डीएनएसचा पत्ता असलेली फाईल, उघडलेली. तिथे त्याने दुसऱ्या डीएनएसचा पत्ता लिहिला असणार. ही फाईल उबुंटू स्वतःच बनवतं, रीस्टार्ट झालं की नवी तयार होते, आणि फाईलमध्ये वरच लिहिलेलं असतं की एडिट करू नका. म्हणजे प्रॉब्लेम डीएनएसचा आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तरी कार्डाचे पैसे घेतले, परत बोर्डाचे मागितले.

कार्ड बदललं नाही याचा पुरावाही मिळाला. कॉलेजच्या वायफायसाठी गेल्या वर्षी फॉर्म भरलेला, त्यात लॅपटॉपच्या वायफायचा मॅक अॅड्रेस लिहिलेला. तो म्हणजे कार्डाचा कारखान्यातूनच आलेला नंबर, प्रत्येक कार्डाचा वेगळा असतो. आयपी लिंक कमांड देऊन बघितलं तर अक्षर न् अक्षर तोच, कार्ड जुनंच.

खरी दुरुस्ती फुकटात झाली. सेटिंग्जमध्ये आपल्या वायफायपुढच्या चाकावर क्लिक करायचं, आयपीव्ही४ मध्ये डीएनएसचं ऑटोमॅटिक बंद करायचं आणि १.१.१.१, ८.८.८.८ (क्लाउडफ्लेअर आणि गूगलचे सगळ्यांना खुले डीएनएस) असं स्वल्पविराम देऊन लिहायचं, अप्लाय करून वायफाय एकदा बंद-चालू. ही सेटिंग रीस्टार्टनंतरही राहते. राउटरमध्येही पत्ता बदलला म्हणजे घरातल्या सगळ्यांचंच सुटलं. महिनाभराची सिक्युरिटी अपडेट्स तुंबली होती, ती एका रात्रीत झाली. आणि २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत, त्यामुळे कुणी उबुंटू जुनं झालं म्हणून विंडोज गळ्यात मारत असेल तर ऐकू नका.

दुकानात नेण्याआधी निदान दोन गोष्टी करा, मोबाईलचा हॉटस्पॉट लावून अपडेट चालवून बघा, चाललं तर लॅपटॉप ठणठणीत आहे, आणि मॅक अॅड्रेस वहीत लिहून ठेवा. पार्ट बदलला म्हणाले तर जुना पार्ट हातात मागा, मी मागितला नाही.

फॉर्मची झेरॉक्स घेऊन दुकानात गेले तेव्हा मालक आधी आवाज चढवून बोलले, मग मुलाची चूक म्हणाले, आणि शेवटी २,००० परत दिले. बाकीच्या १,८०० साठी (व्हिजिटचे ६०० धरून) १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, बिलाचा फोटो, हिस्टरीचा स्क्रीनशॉट आणि तो फॉर्म तयार ठेवलाय.